बिनकुलपाची कोठारे

मराठी घरांत बीदरचे नाव प्रथम कानावर पडते ते कीर्तनात. मंगळवेढ्याचे दामाजीपंत दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेल्या रयतेला खुली करतात. बीदरचा बादशहा संतापून त्यांना पकडून आणवतो. आणि पंत दरबारी पोचण्यापूर्वीच पंढरीचा विठोबा विठू महाराच्या वेषात येऊन सगळ्या धान्याचे मोल चुकते करून, पावती घेऊन जातो. ही कथा ऐकत आपल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. धान्याचे कोठार उघडणाऱ्याला आपण असे मनात जपले. विद्येचे आणि कसबाचे कोठार उघडणाऱ्यांची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. कोणी एक माणूस आपल्या बुद्धीने आणि श्रमाने एखादी नवी युक्ती शोधून काढतो. तिच्यावर हक्क सांगून घर भरणे त्याला शक्य असते. तरी तो ती मागेल त्याच्या ओंजळीत घालतो. त्याचे मोल चुकते करायला कोण येतो? बीदर आणि कलबुर्गी या दोन सीमावर्ती जिल्ह्यांतून अलीकडे आम्ही जी भ्रमंती केली, तीत हाच प्रश्न पावलोपावली आमच्या सोबतीला राहिला.

हा मुलूख आपल्याला परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी जुना बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलखाकडे गेले. झहीराबाद, नारायणखेड तेलुगू मुलखाकडे. आणि खुद्द बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद तत्कालीन म्हैसूर राज्याकडे आले. नकाशावर रेघा पडल्या तरी सोयरिकी, जत्रा आणि बाजारहाट तुटले नाहीत. भालकी-औरादच्या बाजारात मराठीतून भाव विचारला तर उत्तर मराठीत, कानडीत किंवा दखनीत येते, आणि तिन्ही सर्वांना समजतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंची गादी आहे. कलबुर्गी जिल्ह्यातले गाणगापूर तर दत्तभक्तांचे माहेरच. जिथे भाषा इतक्या सहज हातोहात फिरतात, तिथे कसब आणि युक्त्याही तशाच फिरल्या असतील, असे मनात घेऊनच आम्ही बीदरात उतरलो.

बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. पावसाचे पाणी या सच्छिद्र दगडात झिरपते आणि खालच्या घट्ट थराशी अडून कडेकडेने पाझरते. शिखांना पूज्य असलेला नानक झिरा आणि नरसिंह झिरा ही स्थाने याच भूमीत आहेत. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा बहामनीने आपली राजधानी गुलबर्ग्याहून इथे हलवली, तेव्हा एवढ्या मोठ्या वस्तीला पाणी पुरवायचे कसे हा पेच उभा राहिला. त्याला उत्तर मिळाले इराणातून आलेल्या विद्येने. आज नौबादजवळ त्या उत्तराचे अवशेष पाहता येतात. इथले लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. अभ्यासक कारेझ म्हणतात.

कारेझाची रचना ऐकायला सोपी आणि करायला अत्यंत कठीण. उताराच्या वरच्या अंगाला, जिथे भूजल सापडते तिथे, एक मूळ विहीर खणायची. तिच्या तळापासून गावाच्या दिशेने जमिनीखालून बोगदा काढायचा. त्याचा उतार इतका अल्प ठेवायचा की पाणी वाहील, पण मातीची धूप करणार नाही. ठरावीक अंतरांवर वरून उभी विवरे पाडायची, म्हणजे खोदताना माती वर काढता येते, कामकऱ्यांना वारा मिळतो आणि पुढे गाळ उपसण्यासाठी खाली उतरता येते. मोट नको, बैल नकोत, रहाट नको. पाणी आपल्याच वजनाने येते आणि उन्हाने आटतही नाही. नौबादच्या कारेझाला अशी २१ विवरे मोजली गेली आहेत, आणि त्याची लांबी दोन किलोमीटरांहून अधिक आहे. काठावर उभे राहून खालच्या अंधारात डोकावताना मन थक्क होते. वरून दिसत नसलेल्या वाटेचा उतार ज्याने दोन किलोमीटर सांभाळला, त्याची नजर केवढी नेमकी असली पाहिजे!

ती नजर कोणाची, हे मात्र कोणालाही ठाऊक नाही. औरंगाबादची नहर म्हटली की मलिक अंबरचे नाव आपोआप ओठांवर येते, कारण करवून घेणारा राजकारणी पुरुष होता. बीदरच्या बोगद्यात उतरलेल्या जाणत्यांनी ही विद्या इथल्या हातांना शिकवली असलीच पाहिजे. इथल्या दगडाची जात ओळखणारे हात बरोबर असल्याविना हे काम तडीस जाणे नव्हते. परंतु शिकवणारे आणि शिकणारे दोघेही काळाच्या गाळात बुजून गेले. पुढे तोच गाळ विवरांतही साचला. घरोघरी नळ आले, तसा कारेझ लोकांच्या दृष्टीआड झाला. विवरांत केरकचरा पडू लागला आणि माथ्यावर बांधकामे उभी राहिली. २०१२ च्या सुमारास केरळातील भूगोलाचे अभ्यासक गोविंदनकुट्टी यांनी या जलमार्गांचा शोध घेण्यास आरंभ केला, आणि त्यापुढच्या वर्षांत नौबादच्या कारेझातील गाळ उपसला गेला. ज्या पाण्यावर सर्वांचा हक्क होता, त्याची निगा राखणे हे कोणा एकाचे काम उरले नव्हते. फुकट मिळालेल्या देणगीवर ओढवणारे हे पहिले संकट. घेणाऱ्याला तिचे मोल वाटेनासे होते, आणि मग ती असूनही नसल्यासारखी होते.

कारेझाच्या काठावरून आम्ही चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत आलो, तो छिन्नीचा बारीक टकटकाट कानी आला. इथे बिदरी घडते. परंपरा सांगते की इराणचा कारागीर अब्दुल्ला बिन कैसर बहामनी दरबारी आला आणि त्याच्या व स्थानिक कारागिरांच्या एकत्र कामातून ही कला आकाराला आली. जस्तात थोडे तांबे मिसळतात, साधारण सोळा भागांस एक भाग. हा रस मातीच्या साच्यात ओततात. भांडे कानसून गुळगुळीत झाले की मोरचुदाच्या पाण्याने त्यावर तात्पुरता काळेपणा आणतात, म्हणजे कोरलेली रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते. त्या रेघांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि पुन्हा घासतात. या वेळी चांदी आणि जस्त दोन्ही एकाच पांढुरक्या रंगाची दिसतात, आणि नवख्या माणसाला वाटते की सारी मेहनत वाया गेली. मग येते ती बीदरच्या किल्ल्यातील माती. जुन्या बांधकामाच्या, ऊन-पावसाचा स्पर्श न झालेल्या जागेची ही माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून भांड्याला लावली की जस्त गर्द काळे होते आणि चांदी मात्र लखलखीत राहते. काळ्याभोर आभाळात वीज चमकावी तशी नक्षी उमटते. योग्य माती कोणती, हे जुने कारागीर चव घेऊन ओळखतात.

आम्ही विचारले ते सारे कारागिरांनी मोकळेपणाने सांगितले. काही लपवावे असे त्यांना वाटले नाही. ही विद्या पूर्वीही अशीच बाहेर गेली. हैदराबादेस, लखनौस, मुर्शिदाबादेस, दूर बिहारात पूर्णियासही ती पोचली आणि तेथील कारागिरांनी आपापल्या वळणाची नक्षी त्यात आणली. पण एक गोष्ट मनात भरण्यासारखी आहे. पूर्णियातले भांडे पूर्णियात घडले तरी त्याला नाव बिदरीच राहिले. घेणाऱ्यांनी पैसा दिला नाही, परवानगीही मागितली नसेल, पण उगमाचे नाव पुसले नाही. त्या एका नावामुळे पुढे बीदरला आपला हक्क सांगता आला आणि बिदरीला भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदही मिळाली. २०२३ मध्ये बीदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शतकांच्या अनामिकतेतून एक नाव उजेडात आले. कारेझ आणि बिदरी दोन्ही याच शहराला परदेशी जाणत्यांनी दिलेल्या देणग्या. एकीचे नाव जपले गेले, ती जगली. दुसरीचे विसरले गेले, ती बुजली. आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांला इथेच मिळाले असे वाटते.

बीदरहून आम्ही बसवकल्याणला गेलो. हे चालुक्यांचे कल्याण. इथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राजाने काय लिहावे? राजनीती लिहिली, हे ठीकच. पण मांसान्न कसे शिजवावे, सुगंधी द्रव्ये कशी करावीत, हत्ती कसे पारखावेत, मासे कसे पकडावेत, मेणाची प्रतिमा करून तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस कसा ओतावा, हेही त्याने क्रमवार लिहून ठेवले. स्वयंपाक्याची, ओतारीची, गंध्याची ही घराण्यातली गुपिते. ती शब्दांत उतरली, म्हणून नऊशे वर्षांनी आपण वाचू शकतो. याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे, हे मराठी वाचकांना सांगितलेच पाहिजे. तरी एक उणीव जाणवते. सोमेश्वराने कसब टिपले, पण ज्या ओतारीने ते शोधले त्याचे नाव टिपले नाही.

ती उणीव त्याच कल्याणात काही दशकांतच दुसऱ्या एका परंपरेने भरून काढली. महात्मा बसवेश्वरांभोवती बाराव्या शतकात जमलेले शरण आपल्या धंद्यासह ओळखले जातात. मडिवाळ माचय्या म्हणजे परीट माचय्या. अंबिगर चौडय्या म्हणजे नावाडी चौडय्या. मेदार केतय्या बुरूडकाम करणारे. नुलिया चंदय्या दोर वळणारे. श्रमाला त्यांनी कायक म्हटले, आणि कायकातून जे मिळेल ते समाजाच्या पंगतीत ठेवणे याला दासोह म्हटले. आज दासोह म्हटले की मठातील अन्नछत्र डोळ्यांपुढे येते. परंतु दोर वळणाऱ्याने आपला पीळ दुसऱ्याला शिकवणे हाही दासोहच नव्हे काय? आणि इथे देणाऱ्याचे नाव व त्याचे कसब एकमेकांना असे चिकटले आहे की आठ शतकांनंतरही एक उच्चारल्याविना दुसरे उच्चारता येत नाही.

कल्याणहून हुमनाबादकडे येताना सोलापूर-हैदराबादचा हमरस्ता लागतो. याच रस्त्यावर पुढे, हैदराबादच्या अलीकडे, पाटणचेरू येथे १९७२ पासून कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, इक्रिसॅट, काम करीत आहे. कलबुर्गी म्हणजे तुरीचे आगर. तिथल्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. या तुरीला मर रोगाने ग्रासले होते. उभे हिरवे झाड बघता बघता वाळून जाई. मर सहन करणारे एक वाण इक्रिसॅटने निवडपद्धतीने सिद्ध केले आणि १९८६ मध्ये ते मारुती या नावाने कर्नाटकात प्रसृत झाले. पुढचे काम शेतकऱ्यांनी केले. एकाच्या रानातले बी दुसऱ्याच्या रानात, माहेरचे सासरी, अशा वाटांनी ते उत्तर कर्नाटकात पसरले.

हुमनाबादहून कलबुर्गीस आम्ही आगगाडीने गेलो. २०१७ पासून हा मार्ग खुला आहे. खिडकीबाहेर काळी रेगूर जमीन आणि तुरीच्या ओळी दूरवर जात होत्या. या ओळी पाडणारे जुने अवजार म्हणजे तिफण. वर लाकडी चाडे, त्यातून खाली उतरणाऱ्या पोकळ नळ्या, नळ्यांच्या टोकाला फण. चाड्यावर मूठ धरणारा हात बी सोडतो आणि तीन ओळी एकाच वेळी, सारख्या अंतरावर, ओलाव्यापर्यंत पेरल्या जातात. मागून दोरीने एक सुटी नळी बांधली की ज्वारीच्या ओळींत तुरीची ओळ बसते. कानडीत याला कूरिगे म्हणतात. आपल्या सीमाभागात कुरी हा शब्दही ऐकू येतो. अवजाराबरोबर शब्दही बांध ओलांडून गेला. दक्षिण हिंदुस्थानातील हे पेरणीयंत्र पाहून १७९५ मध्ये कॅप्टन हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची वाखाणणी करणारी पत्रे लिहिली होती. असे यंत्र आपल्याच देशात नवे निघाले असा त्याचा समज होता. इथे ते मात्र पिढीजात निघाले. गावचा सुतार दुसऱ्या गावच्या सुताराची तिफण पाहून आपली बनवी. पाहणे हीच परवानगी होती.

कलबुर्गीच्या बाजारात तांदळाच्या दुकानी उभे राहिलो असताना एका पोत्यावरच्या अक्षरांकडे आमचे लक्ष गेले : एचएमटी. हे नाव मुळात बंगळूरच्या घड्याळाचे. १९६१ पासून तिथे तयार झालेली ती घड्याळे एके काळी जावयाला द्यायची ठरलेली वस्तू होती. मग तांदळाला घड्याळाचे नाव कसे? ते समजून घेण्यासाठी वाचकांना आमच्याबरोबर थेट चंद्रपूर जिल्ह्यात यावे लागेल.

नागभीड तालुक्यातील नांदेड या लहान गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून काढल्या, पुढच्या हंगामात निराळ्या लावल्या, आणि वर्षामागून वर्ष निवड करीत बारीक दाण्याचे, चवदार, भरघोस वाण सिद्ध केले. बी त्यांनी शेजाऱ्यांना दिले. बाजारात आलेल्या त्या अनामिक धानाला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव पडले, आणि एचएमटी तांदूळ अनेक राज्यांत पोचला. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून बी नेले, आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी हे वाण प्रसृत झाले. श्रेय कोणाचे यावर पुढे बराच वाद झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने दादाजींचा गौरव केला; पण हातातोंडाची गाठ घालण्याची त्यांची धडपड संपली नाही. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. ज्यांच्या निवडीने असंख्य ताटांत भात वाढला, त्यांचे नाव त्या पोत्यावर नाही.

कोणी म्हणेल, त्यांनी पेटंट का घेतले नाही? पेटंट हाही एक न्याय्य करार आहे, हे आम्ही जाणतो. शोधकाने आपली युक्ती जगापुढे उघड करावी आणि त्या बदल्यात वीस वर्षे तिच्यावर हक्क गाजवावा. ज्याला प्रपंच चालवायचा आहे त्याने हा मार्ग धरला तर त्याला बोल लावण्याचे कारण नाही. पण काहींची वृत्तीच निराळी असते. जगदीशचंद्र बोस यांनी आपल्या बिनतारी लहरींच्या उपकरणांतून पैसा करण्यास नापसंती दाखवली. स्नेह्यांच्या आग्रहाखातर १९०४ मध्ये एक अमेरिकी पेटंट झाले तेवढेच. जोनास साल्क यांनी १९५५ मध्ये जगापुढे आलेल्या पोलिओच्या लशीवर पेटंट घेतले नाही. परंतु बोस प्राध्यापक होते आणि साल्क संशोधनसंस्थेत होते. दोघांनाही चरितार्थाचा आधार होता. दादाजींचा सारा आधार दीड एकर. म्हणून त्यांचे दान अधिक मोठे, आणि आपली जबाबदारीही अधिक मोठी. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आहे. कायदा देण्याची मुभा देतो. घेणाऱ्याने काय परत करावे हे तो शिकवीत नाही.

कलबुर्गीचा किल्ला पाहताना हाच विचार मनात होता. आतील जामा मशीद १३६७ ची. मोकळे अंगण न ठेवता सारी जागा लहान-लहान घुमटांनी झाकलेली. आत गेले की कमानींमागून कमानी. इथे बांधणाऱ्याचे नाव शिलालेखात आहे : काझवीनचा रफी. त्याचा आराखडा मात्र आपल्या देशात क्वचितच कोणी गिरवला. कारेझाला अनुयायी होते, नाव नव्हते. रफीला नाव आहे, अनुयायी नाहीत. शोधकाचे भाग्य पुरते फळायला दोन्ही लागतात.

शहरात शरणबसवेश्वरांचे मंदिर आहे. हे सत्पुरुष मूळचे अरळगुंडगीचे शेतकरी. १८२२ मध्ये समाधिस्थ झाले. पाखरांना हाकलण्याऐवजी ते आपल्या रानात त्यांच्यासाठी पाणी ठेवीत, आणि तरीही कोठार भरलेच राही, अशी आख्यायिका आहे. त्यांचा दासोह आजही चालतो. दुपारी पंगत उठत होती. घेणाऱ्यांतले कित्येक उठून पत्रावळी उचलू लागले, कोणी पाण्याचा तांब्या घेऊन पुढच्या पंगतीत फिरू लागला. त्यांना कोणी सांगितले नव्हते. जेवणाऱ्याने वाढप्या व्हावे, ही तिथली रीतच दिसली. ती पाहून आमच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर मिळाले. विठोबा महाराच्या वेषात येऊन मोल चुकते करील म्हणून आपण वाट पाहायची नाही; मोकळ्या हाताने दिलेल्या विद्येचे मोल घेणाऱ्यांनीच फेडायचे. नाव सांगायचे, विद्या पुढे द्यायची, आणि देणारा अडचणीत असेल तर त्याच्या दाराशी जायचे.

आपण मराठी माणसे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या मुलखात राहतो. शेजाऱ्यांकडून पेरणीची रीत, चुलीवरची भाकरीची हातोटी, सणाचे पदार्थ, किती काय घेतले त्याचा हिशेब नाही. निदान पुढचा हिशेब तरी ठेवू या. बीदरहून बिदरीची डबी आणाल तेव्हा कारागिराचे नाव विचारून घ्या आणि कागदाच्या चिठ्ठीवर लिहून डबीतच ठेवा. घरात एचएमटीचा भात शिजेल त्या दिवशी मुलांना दादाजी खोब्रागडे हे नाव एकदा मोठ्याने सांगा. आणि आपल्याच गावात एखादा सुतार, लोहार, गवंडी, शेतकरी काही नवे काढून चारचौघांना देत असेल, तर त्याचे नाव, गाव आणि त्याने काढलेली युक्ती घरच्या वहीत टिपून ठेवा. तो हयात असतानाच टिपा.